थाळनेर कुठे गेलं

मंदाबाई : नवं काही टाकू नको म्हटलं होतं, भूपेंद्र. होतं तेच नव्या डिस्कवर ठेवायचं.

भूपेंद्र : तेच केलंय, काकू. अख्खं विंडोज उचलून एसएसडीवर आणलं. जुनी डिस्क मध्येच अडकायची, जीव गेला माझा. आणि पंख्यात तांदूळ निघाले.

मंदाबाई : दसऱ्याच्या अक्षता. वरच्या जाळीतून पडल्या असतील.

भूपेंद्र : पुढच्या दसऱ्याला नुसतं कुंकवाचं बोट लावा.

मंदाबाई : लावीन. चालू कर आता. यांना खुर्चीत बसवता बसवता कंबर गेली माझी. आधी हे यंत्र चालू होईपर्यंत मी यांचा हात तेलानं चोळून घ्यायची. मग कुठे बोटं माउसवर ठरायची.

भूपेंद्र : झालं चालू.

मंदाबाई : एवढ्यात?

पंडित : कोठे?

मंदाबाई : काय कोठे, अहो?

पंडित : थाळनेर. थाळनेर कोठे शे?

भूपेंद्र : हे काय, भाऊ. लग्नपत्रिकांचे सगळे फोल्डर मी नावाप्रमाणे ओळीत लावले. केवढा पसारा होता स्क्रीनवर.

पंडित : बठ्ठं गयं.

मंदाबाई : सगळं गेलं म्हणतायत. अरे, पसारा नव्हता तो. बोराडी वर, सातपुड्याकडे. थाळनेर खाली, तापीकाठी. नरडाणा त्याच्याही खाली, पुलापलीकडे. नकाशात गाव जिथे, स्क्रीनवर तिथेच त्या गावच्या पत्रिका. अर्धांगाचा झटका आल्यापासून यांना अक्षर लागत नाही, जागा तेवढ्या ओळखतात. मजकूर मी टाइप करते. वेलबुट्टी, रंग, गणपती हे यांचं काम. तेवढ्यासाठी सकाळी उठून बसतात. नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे.

भूपेंद्र : मला वाटलं, सोपं पडेल भाऊंना.

मंदाबाई : तू चांगलंच केलंस. सगळे चांगलंच करतात रे. आमची भाविका माहेरी आली, तिनं औषधं नव्या कपाटात लावून दिली. अजून हुडकतेय मी. सगळ्यांचं चांगलं निस्तरता निस्तरता थकले बघ.

भूपेंद्र : जुनी डिस्क पुसलेली नाही, काकू. जोडून बघतो. चालू झाली तर स्क्रीनचा फोटो काढतो आणि एकेक फोल्डर होता तिथे नेतो.

पंडित : नको.

मंदाबाई : काय नको?

पंडित : मी. मी करस.

मंदाबाई : अहो, नावं कशी वाचाल?

पंडित : तू... वाच.

भूपेंद्र : ओळीत आपोआप लागायचं बंद केलंय, भाऊ. आता जिथे ठेवाल तिथे राहील.

मंदाबाई : थांबा, आधी हात चोळू द्या. भूपेंद्र, ती तेलाची वाटी दे.

भूपेंद्र : काकू, आता थांबायचं काम नाही. लगेच चालतं हे.

मंदाबाई : राहू दे त्याला चालू. आम्हाला वेळ लागतो.

(ती हात चोळते. मग पंडितची बोटं माउसवर ठेवते.)

मंदाबाई : हे बोराडी.

पंडित : वर.

मंदाबाई : सावकाश. सुटलं तर सुटू द्या, परत धरू. हं, पोचलं. हे तुमचं थाळनेर.

पंडित : खाले. अजून खाले.

मंदाबाई : झालं. आणि हे शिरपूर. आपलं. हे कुठे?

पंडित : आठे.