बॅक्स्टरसाहेबांचं गाणं

ब्रॉडवेवरच्या आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर पियानो बडवत गाणी लिहिणारी माणसं आहेत, आणि लिफ्ट एकच. सकाळच्या रांगेत माझ्यापुढे गीतकार अर्व्ह आणि त्याला चाली देणारी सेल्मा उभी होती.

"रेकॉर्ड काढायची तर गीतकार म्हणून स्वतःचंही नाव हवं, असं तो रेकॉर्ड कंपनीचा मालक बॅक्स्टर याही वेळी म्हणाला?" सेल्मानं विचारलं.

"म्हणाला तर! मी म्हटलं, साहेब, माझं नावच काढून टाका. शब्द सगळे तुमचेच."

"डोकं फिरलंय का तुझं? एक ओळ तरी त्याची आहे?"

"ओळ नाही. पण गोष्ट त्याचीच आहे."

"कसली गोष्ट? मी तर नुसती चाल देऊन गावाला गेले होते."

"गाण्यातला माणूस म्हणतो, दर गुरुवारी बायकोला मीटिंग सांगून मी नदीपलीकडे होबोकेनला जातो आणि तांबड्या केसांच्या पोरीबरोबर नाचतो."

"अर्व्ह! आणि त्यानं हे वाचलं?"

"शब्द कधी वाचलेत त्यानं? तुझ्या चालीवर पाय आपटले आणि सही ठोकली."

"बायकोला कळलं तर?"

"परवा रेडिओवरच्या मुलाखतीत तिला शेजारी बसवून छाती फुगवून सांगितलं त्यानं, शब्दन् शब्द माझा, माझ्याच आयुष्यातला. मग रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड लावली."

"अरे देवा! पुढे?"

"आज सकाळी सहाला त्याचा फोन. हॉटेलातून. म्हणतो, अर्व्ह, माझं नाव खोड, तुझंच घाल."

"मग घालतोयस ना?"

"छे! म्हटलं, साहेब, एवढं मनातलं मला कुठलं लिहिता येणार?"