राखणदाराचं तोंड कुठं

राखणदाराबिगर या जगात काय टिकत नाय, पीक नाय, घर नाय, माणूस नाय, असं माझे सासरे बोलायचे, आणि एवढं बोलून शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढले का घोरायला लागायचे. रानडुकरं यायची, भात खाऊन जायची. सकाळी सासरे बोलायचे, देवाला जेवढं राखायचं तेवढं राखलं.

माझं म्हायेर शहापूरच्या अंगाला, तानसा धरणाजवळ. ते पाणी मुंबईला जातं, आमी हंडा घेऊन विहिरीवर जायचो. लग्न झालं नि हितं मुरबाडकडं आले, मुरबाडला एसटी सोडायची, मग जीप, मग चालत. भात, नागली, बैलजोडी, चाललं व्हतं आमचं. आमचे हे, नाव नाय घेत मी, आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाय, तर हे काय बापासारखे नव्हते. भात पिवळं पडलं का यांचं अंथरूण माळ्यावर, ते कापणी होईस्तोवर. घराकडं पाठ, शिवाराकडं तोंड, हातात वाजवायला पत्र्याचा डबा. पान हललं का मान वळायची. मी जेवण घेऊन जायची तर माझ्याकडं न बघताच बोलायचे, ठेव गो तिकडं. आमचा संसार असा पाठीमागनं झाला म्हणा ना.

मग पोरगा मोठा झाला, बारावी झाला, भिवंडीला गोडाऊनमधी लागला, कल्याणला राहायला गेला. शेत विकलं. तिथं आता मुंबईच्या माणसाचा बंगला हाय, सभोवती दगडी कंपाउंड, गेटवर वॉचमन. मालक वर्षातनं एकदा येतो, जोरात गाणी लावतो नि जातो.

आणि यांचं इसरणं सुरू झालं. काय सांगू तुमाला, आधी कोयता कुठं ठेवला ते इसरले, मग जेवलो का नाय ते, मग मी कोण ते. एकदा मला इचारलं, बाई, तू कोणाच्यातली गो? मी बोलले, तुमच्यातलीच. तर बोलले, बरं बरं, मग जेवून जा.

तेवढं चाललं असतं, पण ते चालायला लागले. उठायचे नि शेताची वाट धरायची, माळ्यावर जायचंय बोलायचे. मी मागनं अवो, अवो करत पळायची. गुडघं माझं काय पळण्यातलं नाय. एकदा ओहोळात सापडले, एकदा पार हमरस्त्याला. एक दिस हा माणूस सापडायचा नाय, एवढंच भ्या मला.

म्हणून पोरानं कॅमेरा आणला. गोल डोक्याचा, कोण हललं का त्याच्यामागं मान फिरवणारा, नि पोराच्या मोबाईलवर टुंग वाजणार. आता लावायचा कुठं? नेट मिळतं फक्त पडवीत, म्हणून पडवीचा खांब ठरला. पण तोंड कुठं करायचं त्यावर अर्धा दिस गेला. मी बोलले, दाराकडं कर रे, ते दारातनं निघतात, निघताना दिसू देत. आमचे धाकटे दीर शेजारीच राहतात, ते हसायला लागले. बोलले, वयनी, राखणदार कवा घराकडं तोंड करून बसलेला बघितलाय? गावदेवीपण वेशीकडं बघते. चोर काय आपल्या घरातनं येतो? मी बोलले, चोराला न्यायला हाय काय, तुमची तंबाखू? पोरगा खांबाशी उभा, कॅमेरा एकदा असा धरतोय, एकदा तसा.

तेवढ्यात हे उठले. आले खांबापाशी, कॅमेरा न्याहाळला, त्याचं डोकं धरलं नि बाहेर फिरवलं. बोलले,

घराकडं पाठ. तोंड शिवाराकडं.

असं स्पष्ट बोलले. किती दिसांनी शहाण्यासारखं बोलले असतील ते. दिरांचं हसू गेलं, पोराच्या डोळ्यात पाणी आलं, बोलला, बाबांना कळतंय गो आई, बाबांना सगळं कळतंय. त्यांनी सांगितलं तसाच बसवला. मलापण बरं वाटलं, खोटं का सांगू.

आता अंगणात कोंबड्या, शेळी, दीर मोरीला जायचे तेपण तिकडनंच. मोबाईल दिसभर टुंग टुंग. गोडाऊनचा सुपरवायझर पोराला बोलला, तुझ्या घरी मिरवणूक हाय का काय? त्यानं आवाज बंद केला. बोलला, अधनंमधनं उघडून बघीन.

वैशाखात शहापूरला भाचीच्या पोरीची हळद व्हती. मी जात नव्हते. पोरगा बोलला, जा गो आई, कवापासनं कुठं गेली नायस, मी बघतो मोबाईलवर, काका हायेत शेजारी. गेले मी. काका दुपारी जेवून आडवे झाले. पोराकडं त्या दिशी ट्रक खाली व्हायला आलेला. आणि हे उठले, वाजवायचा डबा घेतला नि निघाले.

कॅमेऱ्यानं सगळं बघितलं. पोरानं मला नंतर मोबाईलवर दाखवलं, मीच मागितलं बघायला. त्यांची पाठ दिसते, खांद्यावर पंचा, हळूहळू चाललेत. कॅमेऱ्याची मान त्यांच्यामागं फिरते, नीट फिरते, बांबूच्या बेटापर्यंत सोडत नाय. मग कोंबडी आली, तर तो कोंबडीमागं गेला.

सापडले त्या बंगल्याच्या कंपाउंडजवळ, जिथं माळा व्हता तिथंच. भिंतीला पाठ, शिवाराकडं तोंड, उन्हात बसलेले. शिवारात भात नाय, काय नाय, नुसता फुफाटा. वॉचमननं दुपारभर बघितलेलं त्यांना. बोलला, मला वाटलं मालकानं आणखी एक माणूस ठेवला. संध्याकाळी पाणी द्यायला गेला तर हे थंड.

पोरगा अजून मला बोलतो, तुझं ऐकायला पायजे व्हतं. मी बोलते, असू दे रे. त्यांनी त्यांची जागा दाखवलेली, आपण कॅमेऱ्याची समजलो. दीर आता संध्याकाळी येऊन पडवीत बसतात नि जातात.

बारावं झाल्यावर पोरानं खांबावर चढून कॅमेरा फिरवला, तोंड दाराकडं केलं. आता घरात मी राहते नि तो कॅमेरा राहतो. मी सूप घेऊन बसले का मान वाकडी करतो, उठले का उठतो. पोरगा कल्याणवरनं फोन करतो, आई, जेवलीस का. मी बोलते, दिसलं नाय व्हय? तर बोलतो, दिसलं, तरी इचारलं. चांगला हाय पोरगा. तुमची पोरंपण अशीच राहू देत, ज्याला त्याला कोणतरी बघणारा मिळू दे, आणखी काय मागायचं देवाकडं या वयात.

शुक्रवारी आमच्याकडं दिसभर लाईट नसते, कॅमेऱ्याची मान हलत नाय. डोक्यावरनं न्हाऊन पडवीत केस मी शुक्रवारीच सुकवते.