घर दाखवायला नेताना

…अहो, खटपट करू नका, तो दरवाजा आतून उघडतच नाही. पोचलो की मी बाहेरून उघडते. त्याच सीटवर बसायची म्हातारी — घरमालकीण हो, ज्यांचं घर बघायला निघालात त्या — आणि रोज चिडायची, मला काय कोंडून ठेवलंयस का म्हणून. हां, तर छप्पर. छप्पर गळतं. तिच्या मुलानं फोनवर सांगितलं नसेल तुम्हाला. तो कशाला सांगेल, त्याला तिकडं समुद्रापलीकडे बसून घर विकून मोकळं व्हायचंय. मी आपली आधीच सांगून ठेवते साहेब, मागाहून नको, गाडीवाली बाई काही बोलली नाही म्हणून. विहिरीचं पाणी खारं. साबणाला फेस नाही, चहा तोंडात धरवत नाही. शेजारी मेंढ्या पाळणारा, दिवसभर कुत्र्याच्या नावानं ओरडत असतो. आणि पूर्वेची खिडकी, सकाळी ऊन थेट तोंडावर — मी डोळे उघडते तेव्हा अख्खी भिंत पिवळी — म्हणजे, जो कोणी तिथं झोपेल त्याच्या तोंडावर. झोपमोड होते. आवडत नाही लोकांना.

मला कसं माहीत? गाव केवढंसं, सगळ्यांना सगळं माहीत असतं. — बरं, राहते मी तिथं. बोलला नाही का तो? काय म्हणाला? रिकामं आहे? … रिकामं. असं म्हणाला. तसं खोटं नाही म्हणा, आता रिकामंच आहे. सामान कालच गोठ्यात नेऊन टाकलंय. त्याचाच निरोप होता, पाहुण्यांना घर मोकळं दिसू दे. सामान तरी काय, एक खाट, एक ट्रंक. फार वेळ नाही लागला. तेच वाईट वाटलं बघा, वेळच नाही लागला.

नाही, इथली नाही मी. पन्नाशीला टेकले तेव्हा आले, म्हातारीचं करायला. तिला उठवा, बसवा, औषध द्या. गाडी तिनंच शिकायला लावली. तिच्या नवऱ्याची गाडी छपराखाली नुसती उभी होती. मी म्हटलं, अहो, या वयात? तर म्हणे, वय गाडीला विचार, ती तुझ्यापेक्षा म्हातारी आहे. पहिल्याच दिवशी मेंढीवाल्याचं कुंपण पाडलं. सगळं गाव बघायला आलं. गोगलगाय म्हणायचे मला, पोरं पुढं पळत जायची गाडीच्या. आता त्याच पोरांच्या बायकांना बाळंतपणाला मी नेते. हसताय? हसा हो, म्हातारीही हसायची.

त्याच्या आधी शहरात होते. संसार होता, घर होतं. एक दिवस आमचे हे फुलं घेऊन आले. फुलं! लग्नाच्या हारानंतर पहिल्यांदा. म्हणाले, सरप्राइज आहे, घर विकलं. तू थोडे दिवस भावाकडे राहा, मी नवी जागा बघतो. बघितली हो जागा. त्या जागेत राहणारीही बघून ठेवली होती. भाऊ काही बोलला नाही, वहिनी काही बोलली नाही, पण आपला टॉवेल कुठं वाळत घालू हे दुसऱ्याला विचारावं लागलं ना, की माणसाला कळतं सगळं. इथं आल्यावर म्हातारीला तेच विचारलं. तर ती खेकसली, दोरी काय माझ्या बापाची आहे, घाल कुठंही. आणि मी रडले. टॉवेलावरून रडणारी बाई बघितलीय कधी? म्हणायची, माझ्यामागं तू इथंच राहा. मुलाला सांगितलंय म्हणायची. विचारलं मी त्याला. त्याला आठवत नाही.

आणि आता तुम्ही! एकटेच निघालात घर घ्यायला. बाईसाहेबांना विचारलंत? खिडकी कुठं, ओटा केवढा, अंगण कुणी झाडायचं? राहायचं तिनं आणि ठरवणार तुम्ही. सगळे पुरुष मेले सारखेच. हे बघा, गाडी थांबवते. या चढावर रेंज येते, पुढं मिळणार नाही. लावा फोन. विचारा तिला, हवंय का घर. लावा ना — का? का नाही?

… अगं बाई. … कधी गेल्या वहिनी? … मला काय माहीत हो, मी आपली तोंडाला येईल ते — … वहिनींनाच हवं होतं? गावात, विहीर असलेलं? …

चालू होत नाहीये. थांबली की अशीच करते, थंड पडते. — झाली.

दादा, पाणी खारं नाहीये. गोड आहे. वहिनींना आवडलं असतं. आणि छप्पर मी स्वतः उभं राहून शाकारून घेतलंय, थेंब येत नाही. मेंढीवाला तर इतका भला माणूस, म्हातारी गेली तेव्हा माझ्याजवळ तोच बसून होता. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ना, तशी मी. मला वाटलं, तुम्ही नको म्हणाल, परत जाल, आणि मग मी खाट आत आणीन. ऊन मात्र खरं हं. ऊन येतं तोंडावर. पण कुणी उठवणारं उरलं नाही की त्याचीच सोबत होते, बघाल तुम्ही.

माझं? माझं काय, भाऊ आहे की. … नको, नको दादा, ते बोलू नका. राहा म्हणू नका. कीव आली म्हणून ठेवलेली राहिलेय मी एकदा, परत नाही जमायचं.

आलंच. ते निळं दार. बसा, उघडते मी तुमच्या बाजूनं. … ही किल्ली. दार जरा वर उचलून धरायचं, मग फिरते. बूट तेवढे बाहेर काढा हं, सकाळीच सगळं पुसून घेतलंय मी — राहू द्या. राहू द्या हो, घालूनच जा. … मी नाही येत आत. मी गाडीपाशी आहे. जा ना. जा.