पासलीच्या बाळंतिणीची पेज

अगं, माझी मावशी सुईण. लढाईच्या दिवसांत मी तिच्या हाताखाली शिकत होते. साठी उलटली तरी बोलावणं आलं की ती निघायचीच. एकदा पासली गावात बाळंतपणाला जाताना चढावर तिला चांगलीच धाप लागली.

मी म्हटलं, "मावशे, जरा बस की."

"मी बसंन, पर पोर थांबंल व्हय?"

आणि खरंच थांबलं नाही. आम्ही पोचलो तर सासूनंच बाळंतपण उरकलेलं! मावशी दारातच मटकन बसली. तिची दशा बघून बाळंतीण सासूला म्हणाली, "आत्याबाई, माजी पेज आदी ह्यास्नी द्या. ह्यांचंच अवघड दिसतंय!"

मावशीनं पेज संपवली, आपली सुईणीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली नि म्हणाली, "आता तू जात जा. मी बारशाच्या घुगऱ्या खायाला येत जाईन."