निकेशचं चित्र

(वर्धा, २००६. हेमराजच्या घरची समोरची खोली, जुन्या कम्प्युटरांनी भरलेली.)

हेमराज : थांबा मावशी, मी घेतो. एवढं वजन तळेगावहून एकट्याच घेऊन आल्या?

कौशल्याबाई : मांडीवर ठेवलं न. आर्वीले बस बदलली तवा कंडक्टरनं हात लावला, तेवढाच. गोधडी हळू सोडजा, भाऊ. माह्या पोराचा, निकेशचा कम्प्युटर आहे.

हेमराज : अरे! सेम असाच होता आमच्या घरी. चौऱ्याण्णवमधी बाबूजीनं आणलता. चपला बाहेर काढून खोलीत जा लागे. मोहल्ल्यातले पोट्टे खिडकीले लटकून राह्यचे. किती वर्षांपासून शोधून राह्यलो मी हा मॉनिटर!

कौशल्याबाई : मंग तुमाले जमन. आमच्या गावच्या कमला मॅडम म्हने, वर्ध्याचा हेमराज जुने कम्प्युटर जमवते, बंद पडलेले चालू करते.

हेमराज : करतो ना. काय झालं याले?

कौशल्याबाई : मांगच्या उन्हाळ्यात लाइट खालीवर झाली, तवापासून चित्र दिसनं बंद. निकेशनं माहं चित्र काढलतं न त्याच्यात. मी दुकानात बसलेली, हातात तराजू. तो गेल्यावर रोज दुपारी लावून पाहो मी. बटन कोनतं दाबाचं, ते त्यानंच शिकवलतं.

हेमराज : गेल्यावर म्हणजे...

कौशल्याबाई : हायवेवर. ट्रकनं. चार वर्सं झाले.

हेमराज : ...बसा, मावशी. याची वायर माझ्या मशीनले लावून पाहू. हं... आला! पाहा, काच कशी चकाचक! हा तर बिलकुल बिघडलेला नाई!

कौशल्याबाई : हे कोनाचे फुलं आहेत? माहं चित्र लावा ना.

हेमराज : हे माझ्या मशीनमधलं आहे. तुमचा सीपीयू कुठी ठेवला? बटनवाला डब्बा.

कौशल्याबाई : तो कुठी आहे आता? दिवाळीच्या साफसफाईत बंडूजी भंगारवाल्याले देल्ला.

हेमराज : डब्बा देल्ला?

कौशल्याबाई : नुसती घरघर करे तो. चित्र तर याच्यात दिसे. म्हनून हे जपून ठेवलं. काऊन भाऊ? असे काऊन पाहून राह्यले?

हेमराज : बंडूजीचा नंबर सांगा, मावशी. ...हॅलो, बंडूजी? कौशल्याबाईनं दिवाळीत कम्प्युटरचा डब्बा देल्ला होता...

बंडूजी (फोनवर) : तो तर तेव्हाच खोलला, भाऊ. तांबं काढलं, बाकी नागपूरच्या गाडीत गेलं.

हेमराज : आतमधी एक चपटी लोखंडी डबी राह्यते, तळहाताएवढी. ती तरी...

बंडूजी : तशा पोतं भरून जातेत. कुठी पाहू?

कौशल्याबाई : काय म्हने?

हेमराज : मावशी, चित्र त्या डब्ब्यात होतं. इथं फक्त दिसे.

कौशल्याबाई : म्हंजे मीच देल्लं.

हेमराज : तुमाले कोणी सांगतलंच नाई ना.

कौशल्याबाई : एवढे डब्बे आहेत तुमच्यापाशी. एखाद्यात तरी...

हेमराज : नाई, मावशी.

कौशल्याबाई : मंग तुमीच काढून द्या. मी सांगतो.

हेमराज : ...सांगा.

कौशल्याबाई : मांगं साखरेचं पोतं. पातळ हिरवं. नाक त्यानं लयच मोठं काढलतं, मी रागावलती. करा, मोठं करा. अजून.

हेमराज : असं?

कौशल्याबाई : नाई.

हेमराज : मग असं?

कौशल्याबाई : तुमी नीट काढून राह्यले, भाऊ. त्याले नीट येत नोतं.