टोपीचा डबा

आमच्या बाबांच्या डोक्याच्या मापाचा घरात एकच डबा, बिस्किटांचा. भोपाळच्या टाउनशिपमध्ये होतो तेव्हा खळ दिलेली पांढरी टोपी ते त्यावरच वाळवायचे. दुसऱ्या कशावर म्हणे तिला आकारच येत नाही. आईने नेमक्या त्याच डब्यातून शेजारच्या तिवारी भाभींना चकल्या दिल्या. दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं होतं. बाबा ओली टोपी घेऊन त्यांच्या दारात.

“भाभीजी, हमारा डिब्बा?”

“खाली कैसे लौटाऊँ, भाईसाब? शाम को मठरी बनाऊँगी.”

“तो टोपी भी रखिए, उसी पर सूखेगी.”

संध्याकाळी भाभी आल्या. एका हातात भरलेला डबा, दुसऱ्या हातात कडक टोपी. बाबांनी टोपी घेतली तर जड लागली. आत सहा गरम मठऱ्या!

“भाभीजी, ये क्या?”

“अब इसे भी खाली कैसे लौटाती?”