सेट दुरुस्तीला चाललाय

अमृता : थांबा ताई, आत जायच्या आधी एक सांगायचं राहिलं. घरात माझे बाबा आहेत. रेडिओ-कॅसेटचा सेट विकतेय हे त्यांना माहीत नाही. दुरुस्तीला चाललाय असं सांगितलंय.

रत्नमाला : म्हणजे मी कोण झाले? दुरुस्तीवाली?

अमृता : दुकानातून आले म्हणा. फार बोलावं लागणार नाही. ते जास्त विचारत नाहीत.

रत्नमाला : अगं बाई, मी गारखेड्यात ब्लाउज शिवते. मला त्यातलं बटणसुद्धा कळत नाय. अन् म्हाताऱ्या माणसाच्या घरून असं खोटं बोलून वस्तू उचलायची म्हणजे...

अमृता : फोटो मीच टाकले, तुमच्याशी फोनवर मीच बोलले. रविवारी मी जर्मनीला चाललेय, नर्सच्या नोकरीवर. त्याच्या आधी सगळं मोकळं करायचंय.

रत्नमाला : जर्मनीचं तरी माहितीये का काकांना?

अमृता : ते माहितीये. त्यांच्यासमोरच बसून ती भाषा शिकले मी. या, चपला राहू द्या.

मोतीराम : कोण आलंय, अमू?

अमृता : सेटवाल्या ताई आल्यात, बाबा. दुरुस्तीच्या.

मोतीराम : जय भीम. या, बसा. बाया बी करायल्या का आता हे काम? चांगलंय. पण त्याला झालंय काय?

रत्नमाला : ते... उघडून बघावं लागंल, काका.

मोतीराम : अमूची आई गेली तवापासून लावलाच नाय तो. लावला नाय तर बिघडंल कसा?

अमृता : न लावल्यानंच बिघडतं, बाबा. आत धूळ बसते.

मोतीराम : व्हय का? मग लावून तरी बघा एकदा.

रत्नमाला : लावू का, ताई?

अमृता : लावा.

रत्नमाला : हे बघा, रेडिओ लागला. कांद्याचे भाव सांगायलेत.

मोतीराम : आवाज तर साफ येतोय की. दोन्ही बॉक्समधून येतोय.

अमृता : बंद करा, ताई. बांधायला दोरी लागेल. मी शेजारून घेऊन येते.

मोतीराम : बसा हो तुम्ही. तिला येळ लागंल. ती काय गप्पा मारत नाय, पण शेजारीण सोडत नाय. तिकडं थंडी किती, खायला काय भेटतं, सगळ्यांना तेच विचारायचं असतं.

रत्नमाला : सेट लई जपून ठेवलाय, काका. कधी घेतला होता?

मोतीराम : गीताचं ऑपरेशन झालं त्या साली. अमूची आई, गीता. गायची ती. आमच्या वस्तीची गायन पार्टी होती. जयंतीच्या स्टेजवर ती पुढं अन् मी मागं ढोलकीवर. पैठणहून, वैजापूरहून बोलावणं यायचं. ती उभी राहिली की मागच्या लोकांनाबी माईक नसला तरी ऐकू जायचं. मग गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणले, जीव राहील पण आवाज जाईल. तिनं मला विचारलं, काय करू. मी म्हणलं, जीव ठेव. ते तिचं माझं शेवटचं बोलणं, म्हणजे तिच्या तोंडचं. पुढं नुसत्या खुणा अन् पाटीवर लिहिणं.

रत्नमाला : अरे देवा.

मोतीराम : दवाखान्यातून घरी आणली अन् मी कंपनीत रजा टाकून हा सेट घेऊन आलो. पार्टीच्या कॅसेटा होत्या, तिच्याच आवाजातल्या. त्या लावून दिल्या. तर तिनं काढून ठेवल्या. पाटीवर लिहिलं, हे नको. मग रेडिओ लावायला लागली. शेतीचा कार्यक्रम, बातम्या, पाण्याचा अंदाज, जे लागंल ते. तिला गाणंच पाहिजे असं नव्हतं. घरात कोणीतरी बोलत असावं एवढंच. मी बोलका नाय. पोरगीबी माझ्यावर गेली.

रत्नमाला : अन् आता तुम्ही दोघंच राहता का इथं?

मोतीराम : व्हय. पोरगा वाळूजला असतो. अमू ड्यूटीवरून येते अन् झोपते. मी हिथंच बसतो. गीता गेली तवा अमू रडली नाय. मीबी नाय. लोकं म्हणले, काळीज दगडाचं आहे बाप-लेकीचं. तसं नाय ते. आत काय चाललंय तेच समजत नाय, तर रडावं कशावर? जेवतो, झोपतो, दिवस जातो... तर हे कधी भेटंल परत?

रत्नमाला : परत?

मोतीराम : ती रविवारी जायलीय ना. ती गेली की मग घर लई गप होईल. तवा लावीन म्हणतो. सोमवारपर्यंत दिलं तरी चालंल.

रत्नमाला : काका, मी दुरुस्तीची नाय. माझ्याच्यानं नाय होत हे. मी सेट विकत घ्यायला आलेय. तुमच्या मुलीनं विकायला काढलाय.

मोतीराम : अमूनं?

रत्नमाला : हौ. मला दारात कळलं की तुम्हाला सांगितलेलं नाय. आधी कळतं तर आले नसते, खरं सांगते.

मोतीराम : बरं.

रत्नमाला : रागावू नका तिला.

मोतीराम : नाय रागावत.

अमृता : दोरी मिळाली. तुटकी आहे, पण गाठ मारली की होईल.

मोतीराम : अमू, सेट विकायलीस का?

अमृता : हो.

मोतीराम : मला म्हणली असतीस तर मी काय अडवलं असतं?

अमृता : माहीत नाही. सांगणार होते. दवाखान्यात हे काम माझ्याकडंच असतं. पेशंट गेला की नातेवाइकांना बाजूला घेते, खुर्ची देते, पाणी देते, मग सांगते. तिथं जमतं. घरी आले की तोंडच उघडत नाही. परवा जेवताना सांगायचं ठरवलं होतं. तेवढ्यात तुम्ही मीठ मागितलं. मी मीठ दिलं. तुम्ही जेवलात, मी भांडी घासली.

मोतीराम : अजून काय काय राहिलंय सांगायचं?

अमृता : घराचं.

मोतीराम : घराचं काय?

अमृता : दादानं भाडेकरू बघितलेत. सोमवारी टेम्पो घेऊन येणार आहे तो. तुम्हाला वाळूजला नेणार, त्याच्याकडं. त्याच्या घरात सेट मावत नाही, म्हणून विकायला काढला.

रत्नमाला : मी बाहेर थांबते, ताई.

मोतीराम : बसा हो. तुमच्यामुळंच तर कळलं. अमू, धम्मपालच्या घरी दिवसा कोण असतं?

अमृता : कोणी नाही. दादा-वहिनी दोघं कंपनीत.

मोतीराम : म्हणजे हिथं एकटा, अन् तिथंबी एकटाच.

अमृता : थंडीत तुम्ही गॅस चालू ठेवून झोपलात, बाबा. भांडं जळून काळं ठिक्कर पडलं होतं अन् घरभर धूर. मी त्या दिवशी लवकर आले म्हणून. रोज कोण लवकर येणार? तिकडं बसून मी दुसरं काय आठवणार आहे?

मोतीराम : ते झालं खरं. चूक नाय म्हणत तुझी. भाडेकरू कोण बघितलेत?

अमृता : दोन मुली आहेत. आमच्याच दवाखान्यात शिकायला असतात. चांगल्या आहेत.

मोतीराम : मग त्यांना पुढची खोली दे अन् स्वयंपाकघर दे. मी मागच्या खोलीत राहतो. गॅसला हात लावणार नाय. त्या दोघींचं होईल त्यातली माझी भाकरी. भाड्यात धरायला सांग.

अमृता : दादाला चालणार नाही.

मोतीराम : त्याला मी सांगतो. ते तुझ्यावर नको. पण मी त्या टेम्पोत बसणार नाय, अमू. तुझी आई अन् मी मिळून हे घर उभं केलं. मला हिथं काय वाटतंय असंबी नाय. पण जायचं नाय मला.

अमृता : मुलींना विचारते.

मोतीराम : आताच विचार.

अमृता : विचारते. संध्याकाळी फोन करते त्यांना.

रत्नमाला : मग मी निघू का? सेट राहू द्या. मला काय घाई नाय.

मोतीराम : तुम्हाला कशाला पाहिजे होता तो?

रत्नमाला : माझे वडील भजनी मंडळात होते, दौलताबादजवळच्या गावी. त्यांच्या कॅसेटा आल्यात माझ्याकडं माहेरून. लावायला घरात काहीच नाय. मशीनवर बसल्या बसल्या ऐकीन म्हणलं.

मोतीराम : मग न्या.

रत्नमाला : काका, तुम्ही आत्ता तर म्हणले, घर गप होईल.

मोतीराम : पोरी येतील की. शिकणाऱ्या पोरी गप बसत नायत. न्या तुम्ही. अमू, ती बाजू धर, मी हा बॉक्स घेतो.

अमृता : तुम्ही नका उचलू. मी घेते.

रत्नमाला : अन् ही पिशवी? हिच्यात पण कॅसेटाच दिसतायत.

मोतीराम : ती नाय. ती राहू द्या.

अमृता : बाबा, आईच्या आहेत ना त्या? आता वाजवणार कशावर?

मोतीराम : वाजवायच्या नायत. राहू दे नुसत्या.

(सेट घेऊन रत्नमालाची रिक्षा जाते.)

अमृता : राग आला का, बाबा?

मोतीराम : यायला पाहिजे होता. नाय आला. तुला जायचं वाईट वाटतंय का?

अमृता : बॅग भरताना वाट बघत होते, आता वाटेल म्हणून. आईची साडी पण ठेवली आत. काहीच झालं नाही. घडी नीट बसत नव्हती, तेवढंच बघत होते.

मोतीराम : तिकडं गेल्यावर वाटंल.

अमृता : अन् तिकडं वाटलं तर?

मोतीराम : तर फोन लाव. बोलायचं नसलं तरी लाव. मी नुसता धरून बसीन.

अमृता : माझी ड्यूटी सुटेल तेव्हा इथं मध्यरात्र असेल. तुम्ही झोपलेले असाल.

मोतीराम : उठीन.